बेसबॉलच्या सरासरीची कुळकथा

क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या धावांना तो जितक्या वेळा बाद झाला त्या आकड्याने भागले की सरासरी निघते. बेसबॉलमध्ये भागाकार वेगळा आहे. तिथे सुरक्षित फटक्यांना, म्हणजे ‘हिट’ना, फलंदाजीच्या संधींनी भागतात आणि उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. 0.300 म्हणजे दहा संधींत तीन हिट, आणि तेवढ्यावर खेळाडू उत्तम ठरतो. तरीही या सरासरीचे माहेर क्रिकेटच आहे.

तिला अमेरिकेत रुजवले हेन्री चॅडविकने. इंग्लंडमधल्या एक्सिटरला 1824 मध्ये जन्मलेला हा मुलगा 1837 साली आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला आणि पुढे वृत्तपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहू लागला. 1856 मध्ये होबोकेनच्या एलिशियन फील्ड्स मैदानावर त्याने बेसबॉलचा एक सामना पाहिला आणि तो त्या खेळाचाच होऊन गेला. बेसबॉलच्या धावफलकाला त्याने आकार दिला, पण हात क्रिकेटचा होता. सुरुवातीच्या सरासऱ्या होत्या सामन्यामागे धावा आणि सामन्यामागे बाद.

इथेच गाडे अडले. क्रिकेटपटू धावा स्वतःच्या बॅटने काढतो. बेसबॉलमध्ये चारही बेस फिरून घरी यायचे तर बहुतेक वेळा पुढच्या फलंदाजाने चेंडू टोलवावा लागतो. दुबळ्या संघातला कसलेला फलंदाज पहिल्या बेसवर उभा राहायचा आणि डाव संपायचा; त्याच्या खात्यावर काहीच पडत नसे. 1871 मध्ये एच. ए. डॉब्सन या बेसबॉलप्रेमीने चॅडविकला पत्राने सुचवले की, हिट मोजा आणि त्यांना संधींच्या संख्येने भागा. माझ्या मते या कथेतला सर्वांत मोलाचा क्षण हाच. श्रेय मात्र चॅडविकच्याच नावावर जमा होत राहिले.

1876 मध्ये नॅशनल लीग स्थापन झाली आणि फलंदाजांची क्रमवारी या नव्या हिशेबाने लागली. अव्वल ठरला शिकागोचा रॉस बार्न्स: 322 संधी, 138 हिट, सरासरी 0.429. दुसरा फिलाडेल्फियाचा जॉर्ज हॉल, 0.366. बार्न्सच्या 126 धावाही त्या हंगामात सर्वाधिक होत्या, आणि लीगमधला पहिला होमरनही त्याचाच, 2 मे रोजी सिनसिनाटीत.

त्याच्या हिटमागे एक खास कसब होते. त्या काळच्या नियमानुसार चेंडू आधी कुठे टप्पा घेतो एवढेच पाहिले जाई. बार्न्स चेंडू रेषेच्या आत आपटवी आणि तो फिरकी घेऊन बाहेर पळे. क्षेत्ररक्षक त्याच्यामागे धावेपर्यंत हा बेसवर पोहोचलेला असे. 1877 पासून असा फटका ‘फाउल’, म्हणजे रेषेबाहेरचा, धरला जाऊ लागला आणि त्याचा उपयोग संपला. त्याच वर्षी बार्न्स आजारी पडला, फक्त 22 सामने खेळला, सरासरी 0.272. नियमाने त्याला संपवले असे अनेकदा लिहिले जाते. आजारपण बाजूला ठेवून असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. नियमात बसणारा फटका इतका घोटून मारणे हीसुद्धा फलंदाजीच आहे.

हिशेब बदलला की नायकही बदलतो हे 1887 ने दाखवले. त्या एका हंगामात ‘वॉक’, म्हणजे खराब चेंडूंमुळे मिळालेला पहिला बेस, हिट म्हणून मोजला गेला आणि सेंट लुइसच्या टिप ओनीलची सरासरी 0.492 झाली. नंतर वॉक वगळल्यावर ती 0.435 उरली. शिकागोच्या कॅप अ‍ॅन्सनचे 0.421 तर 0.347 वर घसरले. म्हणून जुन्या हंगामांच्या याद्या वाचताना आधी त्या वर्षीचा नियम पाहावा, मग नावे.

चॅडविकचा समावेश 1938 मध्ये कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये झाला. बार्न्स तिथे नाही: खेळाडूला किमान दहा हंगामांची अट आहे, आणि तो नऊच खेळला.