तलंग की कोंबडा?

अंड्यातून निघालेलं पिल्लू नर की मादी, हा प्रश्न कोंबडी पाळण्याइतकाच जुना असावा. आमच्या आयाबायांना त्याची फार निकड. घरची कोंबडी ही बाईची मिळकत. तलंग म्हणजे मीठमिरचीचा, पोराच्या वहीचा पैसा. कोंबडा म्हणजे जत्रा, नाहीतर पाव्हणा. नड पडून पिल्लं बाजारात न्यायची वेळ आली, तर कोंबड्यांबरोबर तलंग जाऊ नये, एवढाच घोर.

अंड्यावरूनच ओळखायचा खटाटोप लोकांनी केला. आमच्याकडं टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो म्हणायचे, म्हणून खुडूक कोंबडीखाली गोल अंडी निवडून ठेवायचे. गंमत अशी, की तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसच्या ॲरिस्टॉटलच्या ग्रंथात नेमकं उलटं आहे : लांबट, टोकदार अंड्यात मादी. पुढं रोमच्या प्लिनीनं ते फिरवलं आणि गोल अंड्यात मादी घातली. म्हणजे आमच्या आज्या प्लिनीच्या बाजूच्या! पण चुकले सगळेच. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडनलिकेत घडतो, त्याचा नर-मादीशी संबंध नाही. माणसात ते बापाकडनं ठरतं, कोंबड्यात आईकडनं.

पहिला पक्का उपाय जपान्यांनी काढला. १९२०च्या दशकात किओशी मासुई आणि त्यांच्या साथीदारांनी दाखवलं, की एक दिवसाच्या पिल्लाची विष्ठेची जागा हलकेच उघडली, तर आत बारीक उंचवटा दिसतो. त्यावरून नर कळतो. १९३३ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि ही विद्या जगभर गेली. शिकलेला माणूस तासाला हजाराच्या आसपास पिल्लं निवडतो.

पण या विद्येनं एक झालं. अंड्याच्या जातीचा नर अंडी देत नाही, मांसही धरत नाही. तो पहिल्याच दिवशी ओळखू आला, तसा पहिल्याच दिवशी मारला जाऊ लागला. जर्मनीनं १ जानेवारी २०२२ पासून त्याला बंदी घातली. तिथं आता अंड्यातच तपासणी करतात.

गावरान पिल्लाला आमच्या बायांची रीतच बरी. पाच-सहा आठवडे थांबायचं. ज्याचा तुरा लवकर वाढून लाल झाला, पाय जाड, शेपूट मात्र मागं राहिलं, तो बहुतेक कोंबडा. तीन महिन्यांनी पाठीवरची पिसं बघायची : टोकदार तर कोंबडा, गोलसर तर तलंग. मग आरवण्याची वाट बघायला नको. हॅचरीवाले पंखाची पिसं मोजून सांगतात, ते मुद्दाम तशा पैदाशीच्या जातींनाच लागू. आमच्या सरमिसळ गावरानाला नाही.

या रीतीला उशीर लागतो खरा. पण तेवढे महिने कोंबडाही आईमागं उकिरडा उकरतो, दाणे टिपतो. जत्रा येईपर्यंत तो जगलेला असतो.