आपला सिंधुदुर्ग: ८ तालुके, साडेआठ लाख माणसं आणि कोणतं काम कुठल्या ऑफिसात?

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. मालवणच्या किल्ल्यावरून नाव पडलं. जिल्ह्याचं मुख्यालय ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीत आहे. महसूल विभाग कोकण.

तालुके
देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि दोडामार्ग. यातला दोडामार्ग सगळ्यात नवा, सावंतवाडीतून निघालेला. विधानसभेच्या जागा ३: कणकवली, कुडाळ, सावंतवाडी.

लोकसंख्या (२०११ जनगणना)
- एकूण: ८,४९,६५१ (राज्यात सर्वात कमी)
- पुरुष: ४,१७,३३२
- स्त्रिया: ४,३२,३१९
- दर हजार पुरुषांमागे स्त्रिया: १,०३६

२००१ मध्ये हाच आकडा ८,६८,८२५ होता. म्हणजे दहा वर्षांत १९,१७४ माणसं कमी झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना कोकणात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे घटले. कारण सगळ्यांना माहीत आहे: पोरं शिकली की मुंबई, पुणे, गोवा गाठतात. गावात म्हातारी माणसं आणि कुलूपबंद घरं राहतात. बायका जास्त दिसतात त्यामागेही कामासाठी बाहेर गेलेले पुरुष हे मोठं कारण आहे.

आकडा घटला तर काय बिघडतं?
ग्रामपंचायतीत सदस्य किती, हे लोकसंख्येवर ठरतं. दीड हजारापर्यंत ७, तीन हजारापर्यंत ९, असं करत जास्तीत जास्त १७. वित्त आयोगाच्या निधीतही लोकसंख्या धरली जाते. रस्ता, पाण्याची लाईन मात्र तेवढीच लांब राहते, वाड्या डोंगरात विखुरलेल्याच असतात. माणसं कमी म्हणून खर्च कमी होत नाही.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. माणूस नेहमी जिथे राहतो तिथे मोजला जातो. रेशनकार्डावर किंवा मतदार यादीत गावचं नाव असलं तरी मुंबईत राहणारा चाकरमानी मुंबईतच मोजला जाणार. पण जे गावात राहतात त्यांची नोंद सुटता कामा नये. एकटी राहणारी आजी, वाडीच्या टोकाचं घर, बागेत राहणारे कामगार यांच्याकडे शेजाऱ्यांनी लक्ष द्यावं.

कोणतं काम कुठे?
- जन्म-मृत्यू नोंद, घरपट्टी, नळ: ग्रामपंचायत. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी.
- सातबारा, वारस नोंद: तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी). फेरफार मंडळ अधिकारी मंजूर करतात. त्यावर अपील प्रांताधिकाऱ्यांकडे.
- जमिनीची मोजणी: तालुक्याचं भूमी अभिलेख कार्यालय. तहसीलमध्ये अर्ज देऊन मोजणी होत नाही.
- रेशनकार्ड: तहसील, पुरवठा शाखा.
- प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र: पंचायत समिती, वर जिल्हा परिषद.

सामाईक सातबाऱ्यावर मुंबईच्या हिस्सेदारांची नावं असतील तर वारस नोंद आत्ताच करून घ्या. एक पिढी गेली की नावं दुप्पट होतात, आणि मग सह्या गोळा करता करता वर्षं जातात. गणपतीला सगळे गावात असतात, तेव्हाच कागद पुढे काढलेले बरे.