कोशाचे दार

मी मराठीत कविता लिहितो आणि माझे शिक्षण बी.ए.पर्यंतचे. रसायनशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. तरी आज विकरांविषयी, म्हणजे ज्यांना एन्झाइम म्हणतात त्यांच्याविषयी बोलायचे आहे. माझी त्यांच्याशी पहिली भेट पुस्तकात झाली नाही, एका पत्र्याच्या डबीत झाली.

माझे अब्बा कापडाचे गाठोडे घेऊन आठवडी बाजार करीत. तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोली हा एकच जिल्हा होता. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. नागभीड-आरमोरीच्या बाजूने अब्बा टसरचे कापड आणीत. आमच्याकडे टसरला कोसाच म्हणतात. पुरुषाने शुद्ध रेशीम अंगाला लावू नये असे आम्ही मानतो. त्यामुळे कित्येक नवरदेवांचे कोशाचे फेटे अब्बांच्या गाठोड्यातून गेले, त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र सुती टोपीच राहिली.

ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या सोडायच्या, पाखरांपासून त्या राखायच्या आणि कोसे उतरवायचे, हे काम इकडे धिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या करीत आला. अशाच एका वस्तीतल्या म्हाताऱ्याने मला खेळायला एक कोसा दिला. लहान अंड्याएवढा, करडा, देठासकट. नखाने दाबून पाहिला तर दबेना. मी तो डबीत ठेवला आणि विसरलो.

पावसाळ्यात एका संध्याकाळी डबीत खुडखुड झाली. कोशाचे एक टोक ओले झाले होते. बघता बघता तिथले धागे बाजूला सरले आणि चुरगळलेल्या पंखांचा पतंग बाहेर आला. पुढच्या बाजाराला मी म्हाताऱ्याला विचारले, "आजोबा, त्यानं एवढा टणक कोसा कुरतडला कसा?"

"कुरतडत नाही बाबू. त्याले दात कुठे आहे? थुका लावते अन् दार उघडते."

मला ती थट्टा वाटली. पण १९६४ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फोटिस काफाटोस आणि कॅरोल विल्यम्स यांनी हेच सिद्ध केले होते. त्यांनी अभ्यासलेले पतंग आपल्या टसरच्या पतंगाचे जवळचे भाऊबंद. बाहेर येण्याआधी पतंगाच्या तोंडाच्या अवयवांवर एक विकर साठते आणि वाळून राहते. वेळ आली की दुसऱ्या ग्रंथीतून द्रव येतो, त्यात ते विरघळते आणि कामाला लागते. त्याचे नाव कोकूनेझ. (हे काफाटोस मूळचे क्रीट बेटावरचे. पुढे ते मलेरियाच्या डासाकडे वळले आणि २००२ साली आफ्रिकेतल्या ॲनाफिलीस डासाचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. हिवतापाने पोळलेल्या आमच्या मुलखाने हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.)

विकरांचा शोध मात्र त्याहून जुना. विल्हेल्म कूने या जर्मन शास्त्रज्ञाने १८७७च्या सुमारास 'एन्झाइम' हा शब्द घडवला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'किण्वात असलेले'. मोहफुले पाण्यात भिजत घातली की काही दिवसांत फसफसतात, ती या किण्वाची, म्हणजे यीस्टची करामत. त्यासाठी जिवंत पेशीच लागते असे पाश्चर म्हणत. १८९७ साली एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याचा रस पिळला आणि तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली. रस फसफसू लागला! पेशी मेलेल्या, तरी काम चालू. त्यासाठी त्यांना १९०७चे नोबेल मिळाले. पुढे १९२६ साली जेम्स सम्नर यांनी एक विकर स्फटिकरूपात वेगळे काढले आणि ते प्रथिन असल्याचे दाखवले. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, तेव्हा मोहाचा विषय मी इथेच सोडतो.

विकर करते काय? जी रासायनिक क्रिया एरवी फार सावकाश झाली असती, ती ते झटपट घडवते आणि स्वतः खर्च होत नाही. प्रत्येक क्रियेच्या वाटेत एक चढ असतो. आपण विस्तव पेटवून तो चढ चढतो. विकर चढच कमी करते. आपल्या शरीरात विस्तव पेटवता येत नाही. भाताचा घास पुष्कळ वेळ चावला तर गोडसर लागतो, कारण लाळेतले विकर तेवढ्यात पिष्टाची साखर करू लागलेले असते. ही सोय नसती तर पोटातले अन्न पचायच्या आत आपणच संपलो असतो.

कोशाकडे परत येतो. रेशमाचा धागा एका प्रथिनाचा आणि तो चिकटवणारा डिंक दुसऱ्या प्रथिनाचा. तो डिंक सोडवायला विणकराच्या घरी चूल, भांडे, सोडा आणि उकळते पाणी लागते. पतंग तेच काम जंगलातल्या हवेच्या उष्णतेवर करतो. शिवाय कोकूनेझ डिंक तोडते आणि धाग्याला सहसा हात लावत नाही. आमच्या आतड्यातले ट्रिप्सिन याच घराण्यातले.

धागा शाबूत असला तरी त्याची ओळ मोडते. फुटक्या कोशातून सलग तार निघत नाही. हाताने ओढून जाडाभरडा घिचा करावा लागतो आणि त्याला दर कमी. म्हणून विक्रीचे कोसे पतंग निघायच्या आधी तापवतात, आतला जीव मरतो. पण सगळेच तापवले तर पुढच्या वर्षी झाडावर सोडायला अळ्या कुठून आणायच्या? कोणते बियाण्याला ठेवायचे आणि कोणते भांड्यात टाकायचे, हा हिशेब प्रत्येक घराला करावा लागे. म्हातारा तो हाताने करी. कोसा कानाशी नेऊन हलवायचा आणि दोन टोपल्यांपैकी एकीत टाकायचा.

माझा कोसा कोणत्या टोपलीतला होता हे मी त्याला कधी विचारले नाही. अब्बांनी मात्र डबी पाहून विचारले होते, "याचे किती आले असते रे?" पतंग तोवर कंदिलाजवळ भिंतीला चिकटून पंख वाळवत होता. त्यांनी वात थोडी कमी केली.