आखूड अंथरुणातली मालिका

२००८ च्या उन्हाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी मी न्यू जर्सीत चार महिने होते. नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. जावई कामावर, बाळ-बाळंतीण झोपलेली, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा वेळी मी आवाज बारीक करून टीव्ही लावायची आणि खाली उमटणारी इंग्रजी अक्षरं वाचत बसायची. त्यांचं बोलणं कानाला पकडता येत नसे, अक्षरांचा आधार बरा वाटे.

एके दिवशी एक मालिका लागली. दोन माणसं अंगणात उभी राहून बोलत होती. कॅमेरा हलत होता, संवादात वारा घुसत होता, बाईच्या अर्ध्या चेहऱ्यावर कडक ऊन आणि अर्धा चेहरा काळवंडलेला. मला वाटलं, कुणीतरी हौसेने घरच्या लग्नाचं शूटिंग केलंय आणि चुकून टीव्हीवर लागलंय! तेवढ्यात लेक उठून आली. म्हणाली, "आई, ही 'गाइडिंग लाइट'. इथली सगळ्यात जुनी मालिका आहे ही."

सगळ्यात जुनी, आणि अशी दीनवाणी? इतिहासाच्या मास्तरणीला हे कोडं स्वस्थ बसू देईना. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आले. आज ते सगळं एका जागी मांडते आहे.

या मालिकेचा जन्म २५ जानेवारी १९३७ चा, आणि तोही रेडिओवर. लिहिणारी होती अर्ना फिलिप्स. ही बाईसुद्धा आधी शिक्षिकाच, बरं का! गोष्ट होती एका धर्मोपदेशकाची. त्याच्या अभ्यासिकेच्या खिडकीत एक दिवा तेवत असे. तो दिसला की अडल्यानडल्याने खुशाल दार ठोठवावं. मालिकेचं नाव त्या दिव्यावरून पडलं. आता गंमत पाहा, रेडिओवर तो दिवा कुणी लावलाच नव्हता. एका पैशाचं तेल न जळता लाखो घरांत तो दिसत होता! दिसण्याचा खर्च सगळा ऐकणाऱ्याच्या डोक्यात.

पैसे द्यायची साबणवाली प्रॉक्टर अँड गँबल कंपनी. दिवसा घरकाम करता करता बायका रेडिओ ऐकतात, त्यांनाच साबण विकायचा, असा सरळ हिशेब. म्हणून तर या प्रकाराला 'सोप ऑपेरा' हे थट्टेचं नाव पडलं.

३० जून १९५२ ला 'गाइडिंग लाइट' टीव्हीवर आली. आता दिवा खरोखर लावावा लागणार होता. सुरुवातीला भाग फक्त पंधरा मिनिटांचा. १९५६ पर्यंत रेडिओवरची मालिकाही चालू होती, तेव्हा नटमंडळी एकच संहिता एकदा रेडिओसाठी आणि एकदा टीव्हीसाठी करत. एखादं टेबल, दोन खुर्च्या, मागे एक भिंत, की झालं घर. जवळून घेतलेला चेहरा आणि हातातला कॉफीचा कप यावरच सगळा खेळ. तेव्हाही पैसा बेताचाच होता, पण गोष्ट त्या पैशाच्या मापाने बेतलेली होती. त्यामुळे ती गरीब दिसत नसे.

मग भरभराट आली. १९६७ साली रंग आला. १९६८ मध्ये भाग अर्ध्या तासाचा झाला आणि १९७७ मध्ये पूर्ण एक तासाचा. इतर मालिकांचंही तेच. लांब भाग म्हणजे जास्त जाहिराती. पण लांब भाग म्हणजे जास्त कुटुंबं, जास्त घरं, जास्त कपडेही. १९७३ साली सुरू झालेल्या 'द यंग अँड द रेस्टलेस'ने तर दिवसाच्या मालिकेला सिनेमासारख्या उजेड-सावल्या दिल्या. १९८१ च्या नोव्हेंबरात 'जनरल हॉस्पिटल' मालिकेत ल्यूक आणि लॉरा यांचं लग्न लागलं, ते सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिलं. एलिझाबेथ टेलर त्या लग्नाला पाहुणी म्हणून आली होती. केवढी ही श्रीमंती!

हे सगळं दिसायचं कसं, ते जरा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. स्टुडिओतलं घर तीन भिंतींचं. चौथ्या भिंतीच्या जागी चाकांवरचे अवजड कॅमेरे. घराला छत नाही, कारण वरून दिवे सोडलेले. त्या दिव्यांमुळे चेहऱ्यावर एकसारखा मऊ उजेड पडतो, वय जरा लपतं. आज दिवाणखाना आणि उद्या डॉक्टरांची खोली हवी असेल, तर रात्रीतून एक घर मोडायचं, दुसरं उभारायचं आणि सकाळी पुन्हा दिवे जुळवायचे. यात सुतार आले, रंगारी आले, हमाल आले, रात्रपाळीची मजुरी आली. पडद्यावर दिसणाऱ्या चार माणसांमागे न दिसणारी कितीतरी माणसं. दौऱ्यावर निघालेल्या नाटक कंपनीचा पसारा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

आणि मग ओहोटी लागली. बायका नोकऱ्यांना बाहेर पडल्या, दिवसा टीव्हीसमोर बसायला घरात कुणी उरेना. केबलमुळे वाहिन्या उदंड झाल्या. १९९५ साली ओ. जे. सिम्प्सनचा खटला महिनोन् महिने दिवसा थेट दाखवला गेला. मालिका वारंवार बाजूला सारल्या गेल्या, आणि तेव्हा तुटलेले कितीतरी प्रेक्षक परत आलेच नाहीत. प्रेक्षक घटले तशी जाहिरात घटली, जाहिरात घटली तसा वाहिनीकडून निर्मात्याला मिळणारा पैसा घटला.

आपल्याकडे म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावे. इथे पंचाईत अशी झाली की अंथरूण आखूड झालं, पण पाय आवरायची सोय नव्हती. वाहिनीला आठवड्याचे पाच दिवस, रोज एक तास, भरून हवाच होता. 'अर्धा तास करतो पण नीट करतो' असं म्हणायला वाव नव्हता. मग कात्री लागणार ती दिसण्याला.

ती कुठे लागते, हे एकदा कळलं की डोळ्यांना लगेच दिसतं. घरं कमी होतात. सगळे जण एकाच हॉटेलच्या दिवाणखान्यात नाहीतर इस्पितळाच्या एकाच बोळात एकमेकांना भेटतात. गर्दी जाते. गावातल्या सगळ्यात मोठ्या घरचं लग्न, आणि वऱ्हाडी आठ! इस्पितळात रोगी एक, बाकी खाटा कुठे आहेत ते विचारायचं नाही. तालमी आटतात, एका दिवसात एकाहून जास्त भागांची दृश्यं उरकायची म्हणून पहिलंच चित्रण पक्कं धरलं जातं. एकेक पात्र आठवडेच्या आठवडे गायब होतं, कारण माणूस आला की त्या दिवसाचे पैसे द्यावे लागतात.

'गाइडिंग लाइट'ने यावर वेगळाच उपाय काढला. निर्माती एलन व्हीलर हिने २९ फेब्रुवारी २००८ पासून मालिकेचा चेहरामोहराच बदलला. अवजड कॅमेरे गेले, हातात धरायचे छोटे डिजिटल कॅमेरे आले. रोज मोडायच्या तीन भिंतींऐवजी कायमच्या चार भिंतींच्या खोल्या झाल्या, मालिकेची कचेरीसुद्धा चित्रणाला वापरली जाऊ लागली. आणि बाहेरच्या दृश्यांसाठी न्यू जर्सीतलं पीपॅक नावाचं एक खरंखुरं गाव धरलं. विचार वाईट नव्हता. खोट्या घरांपेक्षा खरी घरं, खोट्या झाडांपेक्षा खरी झाडं. मी बाळाच्या झोपेच्या वेळी पाहिलं ते हेच.

लेकीच्या घरापासून ते गाव तासाभराच्या आतच होतं. एका रविवारी जावयांनी गाडीतून तिथे नेलं. काय सांगू, टुमदार, हिरवंगार, शांत गाव. टीव्हीत दिसत होतं त्याहून कितीतरी देखणं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाव खरं असून भागत नाही. खरं गाव पडद्यावर खरं दिसायलाही दिवे लागतात, थांबायला वेळ लागतो, ढग सरकेपर्यंत वाट पाहावी लागते. पैसे नसले की पहिला जातो तो हा वेळ. जुन्या प्रेक्षकांनी पन्नास वर्षं ज्या छत नसलेल्या, रंगवलेल्या घराला आपलं मानलं, ते त्यांना खरं वाटत होतं. खऱ्या गावातलं घर मात्र त्यांना परकं वाटलं.

पण मला जास्त लागलं ते दुसरंच. त्याच सुमाराला 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' या मालिकेने डिड्रा हॉल आणि ड्रेक होगेस्टिन या आपल्या दोन जुन्या, लाडक्या कलाकारांना खर्च परवडत नाही म्हणून निरोप दिला. ती १९७६ पासून होती, तो १९८६ पासून. २००९ च्या जानेवारीत कथेतलं हे जोडपं स्वित्झर्लंडला धाडण्यात आलं. (२०११ मध्ये दोघांना परत बोलावलं, हेही सांगायला हवं.) हिशेब साधा आहे. जुन्या माणसाचा पगार मोठा, म्हणून तो आधी जातो. शाळा काय, कारखाना काय, सगळीकडे हेच. पण मालिका म्हणजे घर. चुका पोटात घालणारं, जुनी भांडणं आठवणारं, 'तुझा बाप असाच होता' म्हणणारं माणूस घरातून गेलं की उरलेल्या तरण्याताठ्यांची भांडणं नुसती भांडणं राहतात. पडद्यावर भिंत कमी झाली तर डोळ्यांना कळतं. वडीलधारं माणूस कमी झालं तर घराचा पायाच हलतो.

बचत करूनही 'गाइडिंग लाइट' वाचली नाही. १८ सप्टेंबर २००९ ला, रेडिओ धरून ७२ वर्षांनी, ती संपली. शेवटचा भाग मी पुढे संगणकावर पाहिला. शेवटी जॉश आणि रीव्हा हे कथेतलं जुनं जोडपं आपल्या ट्रकमधून निघून जातं. ते उघडं आभाळ, तो मोकळा रस्ता, तो हलका कॅमेरा. त्या एका प्रसंगात मात्र हे सगळं शोभून दिसलं. निरोप घ्यायला स्टुडिओतली खोली अपुरी पडली असती.

पुढे पडझडच झाली. २००९ च्या आरंभी दिवसाच्या आठ मालिका होत्या, २०१२ चा जानेवारी संपता संपता चारच उरल्या. 'ऑल माय चिल्ड्रन'ने खर्च वाचवायला न्यूयॉर्क सोडून लॉस एंजेलिस गाठलं, तरी २०११ मध्ये ती गेलीच, आणि तिच्या जागी स्वयंपाकावरचा गप्पांचा कार्यक्रम आला. चार माणसं एका टेबलाभोवती बसवणं कितीतरी स्वस्त! 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' २०२२ च्या सप्टेंबरात टीव्ही सोडून इंटरनेटवर गेली. 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' तगली, कारण भाग अर्ध्याच तासाचा आणि विक्री देशोदेशी. १९९० नंतर आपल्याकडे स्टार प्लसवर यायची तीच ही. म्हणजे तिने पाय वेळीच आवरले होते, आणि अंथरूणही दुसऱ्यांकडून मागून आणलं होतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. २४ फेब्रुवारी २०२५ ला सीबीएस वाहिनीवर 'बियॉन्ड द गेट्स' ही नवीकोरी तासाची मालिका सुरू झाली. १९९९ नंतरची पहिली नवी. एका श्रीमंत कृष्णवर्णीय कुटुंबाची कथा, चित्रण अटलांटाजवळ. निर्मात्यांत पुन्हा प्रॉक्टर अँड गँबलचं नाव आहे. साबणवाले परत आले म्हणायचे!

गेल्या खेपेला लेकीकडे गेले तेव्हा तिचे काही भाग पाहिले. ज्याच्या झोपेच्या वेळी मी 'गाइडिंग लाइट' पाहायची, तो नातू आता माझ्याहून उंच झालाय. तो शेजारी बसून हसत होता, "आजी, एवढं काय मोजतेस?" मी भिंती मोजत नव्हते. घरात वडीलधारी माणसं किती, ते पाहत होते. आहेत. आजी-आजोबा आहेत, आणि कथेच्या मधोमध आहेत.

तेवढी टिकली म्हणजे झालं. असो.