पावसाच्या देशातली गळकी मोटार : ‘मिनी’च्या लहान चुकांचा इतिहास

१/
२६ ऑगस्ट १९५९ रोजी ब्रिटनमध्ये एक चिमुकली मोटार लोकांसमोर आली. लांबी जेमतेम दहा फूट, चाके दहा इंची, किंमत करासह सुमारे ४९७ पौंड. पुढे ‘मिनी’ या नावाने ती जगभर ओळखली गेली आणि विसाव्या शतकातील सर्वांत लाडक्या मोटारींत गणली गेली. पण कोरडे दिवस सरून पाऊस सुरू झाला, तेव्हा तिच्या पहिल्या मालकांना एक विचित्र अनुभव आला. गाडी चालवता चालवता पायाखालचा गालिचा ओला होऊ लागला.

२/
ब्रिटन हा पावसाचा देश. तिथे तयार झालेल्या मोटारीत पाणी शिरावे, हे नवलच. आज या गाडीच्या अशा काही लहान चुका पाहू. हेतू टवाळीचा नाही. वस्तू कोणत्या घाईत, कोणत्या हवेत आणि कोणाच्या हट्टातून घडली, हे तिच्या जाहिराती सांगत नाहीत. तिच्या चुका मात्र सांगतात.

३/
आधी पार्श्वभूमी. जुलै १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. वर्षाअखेरीस युद्ध झाले, कालवा बंद पडला आणि ब्रिटनला होणारा तेलाचा पुरवठा आटला. डिसेंबर १९५६ ते मे १९५७ या काळात तिथे पेट्रोल शिधापत्रिकेवर मिळत होते. साहजिकच कमी पेट्रोल पिणाऱ्या छोट्या गाड्यांना मागणी आली. इझेटासारख्या बुडबुड्याच्या आकाराच्या गाड्या रस्त्यांवर दिसू लागल्या.

४/
ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन ही ऑस्टिन व मॉरिस यांच्या १९५२ मधील विलीनीकरणातून जन्मलेली कंपनी. तिचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना त्या बुडबुडा गाड्यांचा मनस्वी तिटकारा होता. त्यांना हुसकावून लावील अशी खरीखुरी छोटी मोटार बनवा, असे त्यांनी आपल्या अभियंत्याला १९५७ च्या मार्चमध्ये सांगितले. अट एकच : इंजिन कंपनीकडे आधीच तयार असलेलेच वापरायचे.

५/
तो अभियंता म्हणजे अ‍ॅलेक इसिगोनिस. जन्म १९०६, स्मर्ना येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर. १९४८ ची मॉरिस मायनर त्यांचीच. माणूस प्रतिभावान आणि तितकाच आग्रही. समित्या आणि ग्राहकांची मतचाचणी यांवर त्यांचा विश्वास नव्हता. मोटार कशी असावी हे एका डोक्याने ठरवावे, अशी त्यांची धारणा होती. या स्वभावाकडे लक्ष असू द्या.

६/
त्यांनी काढलेली युक्ती अफलातून होती. इंजिन उभे न बसवता आडवे बसवायचे, गियरबॉक्स इंजिनाच्या खाली, त्याच्याच तेलात ठेवायचा आणि पुढची चाके फिरवायची. त्यामुळे यंत्रसामग्री पुढच्या चिंचोळ्या जागेत मावली. गाडीच्या तळाच्या क्षेत्रफळापैकी सुमारे ८० टक्के जागा माणसे आणि सामान यांना मिळाली. दहा फुटांत चार प्रौढ माणसे बसू लागली.

७/
आता वेग पाहा. मार्च १९५७ मध्ये आज्ञा. त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत चाचणीच्या गाड्या रस्त्यावर. जुलै १९५८ मध्ये लॉर्ड यांनी अशी एक गाडी काही मिनिटे चालवली आणि वर्षभरात हिचे उत्पादन सुरू करा, असे फर्मावले. १९५९ च्या वसंतात उत्पादन सुरू झालेही. संपूर्ण नव्या रचनेच्या मोटारीसाठी हा काळ फार थोडा होता. आपल्या गोष्टीतल्या बऱ्याच चुका या घाईच्या पोटी जन्मल्या.

८/
पहिली चूक : ओला गालिचा.
कोकणातले कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर येते, म्हणून पाणी ओघळून जाते. तीच कौले उलट क्रमाने लावली, तर प्रत्येक फट पाणी आत घेईल. मिनीच्या तळाचे पत्रे जोडताना नेमके असे झाले. दोन पत्र्यांच्या जोडाची कड चुकीच्या दिशेला आली. चाकांनी उडवलेले पाणी त्या कडेवर आदळे आणि फटीतून थेट आत शिरे.

९/
मग हे चाचणीत कसे कळले नाही? याचे एक उत्तर आकाशात आहे. १९५९ चा उन्हाळा ब्रिटनमध्ये विलक्षण कोरडा गेला. मे महिन्यापासून शरद ऋतूपर्यंत पावसाने दडी मारली होती. उत्पादन सुरू झाले, गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या, विक्रेत्यांकडे पोहोचल्या. पण हा दोष उघड करणारा खरा पाऊस काही भेटला नाही. तो भेटला तेव्हा गाड्या ग्राहकांच्या दारात होत्या.

१०/
पुढे जोडाची रचना बदलण्यात आली आणि हा दोष मिटला. पण मधल्या काळातल्या मालकांचा विचार करा. यातल्या कित्येकांची ही आयुष्यातली पहिली नवी मोटार असेल. साठवलेल्या पैशातून घेतलेल्या गाडीची अखेरची चाचणी आपण स्वतःच करणार आहोत, याची त्यांना कल्पना नव्हती.

११/
दुसरी चूक : पावसात बंद पडणारे इंजिन.
ही अधिक रंजक आहे, कारण ती निष्काळजीपणातून आली नाही. एका उपायातून आली. सुरुवातीच्या चाचणी-गाड्यांत कार्ब्युरेटर पुढच्या बाजूला होता. समोरून येणाऱ्या थंड हवेने त्यात बर्फ धरू लागला. तोडगा म्हणून अख्खे इंजिन अर्धा फेरा फिरवून बसवण्यात आले. कार्ब्युरेटर मागे, उबेत गेला. त्यासाठी चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दातेरी चक्रांत एक चक्र वाढवावे लागले.

१२/
कार्ब्युरेटर मागे गेला, तसा मागचा भाग पुढे आला. त्या भागात होते डिस्ट्रिब्युटर आणि स्पार्क प्लग, म्हणजे ठिणगी पाडणारी सगळी विद्युत व्यवस्था. ती आता पुढच्या जाळीच्या थेट मागे, उघड्यावर. मुसळधार पावसात जाळीतून पाणी आत येई, डिस्ट्रिब्युटर भिजे, ठिणगी पडेनाशी होई आणि गाडी रस्त्यातच थांबे. थंडीवरचा इलाज पावसाच्या मुळावर आला होता.

१३/
यावर मालकांनी शोधलेला एक उपाय मोटारप्रेमींमध्ये आजही सांगितला जातो : भांडी घासताना घालायचा रबरी हातमोजा. मोज्याच्या बोटांची टोके कापायची, त्यांतून तारा बाहेर काढायच्या आणि मोजा डिस्ट्रिब्युटरवर चढवायचा. कोणी जाळीमागे पुठ्ठा लावी, कोणी प्लास्टिक. अभियंत्यांच्या टेबलावर अपुरे राहिलेले काम स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी पुरे केले.

१४/
तिसरी चूक : गियरचा दांडा.
गियरबॉक्स पुढे, इंजिनाच्या पोटात. चालकाचा हात त्याच्यापासून दूर. तेव्हा थेट पायापाशी उगवून हातापर्यंत येणारा लांबलचक, वाकडा दांडा बसवला गेला. गियर नेमका कुठे आहे हे त्याच्यावरून नीट उमगत नसे. पातेल्यात लांब पळी फिरवल्यासारखे वाटे. भरीला पहिल्या गियरला सिंक्रोमेश नव्हता, तो १९६८ मध्ये आला. आखूड, सुटसुटीत दांडा १९६१ च्या ‘मिनी कूपर’मध्ये आधी दिसला.

१५/
आता अशा गोष्टी, ज्यांना चूक म्हणावे की हट्ट, हा प्रश्नच आहे. दाराच्या काचा खालीवर न होता आडव्या सरकत. त्यामुळे दाराच्या आत काच उतरवायची यंत्रणा लागली नाही, दारे पातळ झाली, खांद्यांना आणि कोपरांना जागा मिळाली आणि दारात सामानाचे मोठे कप्पे निघाले. युक्ती उत्तम, पण खिडकी अर्धीच उघडे, आणि दाराला आतून मूठ म्हणून ताणलेली तार होती.

१६/
बसण्याची पद्धत तर बसचालकासारखी : ताठ पाठ, समोर जवळजवळ आडवे सुकाणू-चक्र. इसिगोनिस यांचे मत असे की फार आरामात बसलेला चालक सुस्त होतो. गाडीत रेडिओ असणेही त्यांना पसंत नव्हते. स्वतः धूम्रपान करीत, म्हणून राखपात्र मात्र होते! एका माणसाच्या आवडीनिवडी लाखो लोकांच्या पाठीला सोसाव्या लागल्या.

१७/
चौथी गोष्ट पैशाची. मिनीच्या अंगावर बाहेरून दिसणाऱ्या शिवणी आठवा; पत्र्यांच्या कडा बाहेर वळवून तिथे वेल्डिंग केलेले असे. दारांच्या बिजागऱ्याही बाहेर. यामुळे बांधणी सोपी व स्वस्त झाली आणि आतली जागा वाढली. पण त्याच कडांत पाणी आणि चिखल साचे आणि गंज धरे. आज जुनी मिनी विकत घेणारा माणूस पहिल्यांदा या शिवणीच तपासतो.

१८/
या यादीकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने कसे पाहावे? सगळ्या चुका एका जातीच्या नाहीत. ओला गालिचा ही घाईची चूक. भिजणारा डिस्ट्रिब्युटर ही उपायाची किंमत. ताठ आसन ही एका माणसाची मर्जी. गंजणारी शिवण हा हिशेब. ‘गाडी सदोष होती’ या एका वाक्यात चार वेगवेगळी कारणे दडलेली असतात. ती सोडवून मांडली, तरच पुढचे समजते.

१९/
पाचवी चूक मालकांना दिसलीच नाही, कारण ती गाडीत नव्हती, किमतीत होती. प्रतिस्पर्धी फोर्ड कंपनीच्या लोकांनी एक मिनी विकत घेऊन पूर्ण सुटी केली, भागांचा हिशेब मांडला आणि निष्कर्ष काढला की प्रत्येक गाडीमागे कंपनीला सुमारे ३० पौंडांचा तोटा होत असावा. हा अंदाज कंपनीला मान्य नव्हता. मात्र इतक्या लोकप्रिय गाडीने कंपनीला म्हणावा तसा नफा दिला नाही, हे पुढच्या घटनांत दिसले. १९६८ मध्ये ती ‘ब्रिटिश लेलँड’मध्ये विलीन झाली आणि १९७५ मध्ये सरकारला तो डोलारा सावरावा लागला.

२०/
मग लोकांनी हिच्यावर प्रेम का केले? कारण तिच्या चुका आणि तिचे गुण एकाच मुळातून आले होते. आडवे इंजिन, कोपऱ्यांत सरकवलेली चाके, रबराच्या शंकूंवर तोललेले अंग. सवारी आदळे, पण वळणावर ही गाडी जमिनीला चिकटून राही. अ‍ॅलेक्स मोल्टन यांची ती रबरी रचना आणि जॉन कूपर यांची शर्यतीची नजर यांतून असे यंत्र घडले की १९६४, १९६५ आणि १९६७ ची माँटे कार्लो रॅली मिनीने जिंकली. १९६६ मध्येही ती पहिली आली होती. दिव्यांच्या नियमावरून तिला बाद करण्यात आले.

२१/
सुरुवातीला सामान्य ग्राहक या विचित्र खेळण्याकडे साशंकतेने पाहत होता. पुढे लंडनच्या फॅशनच्या जगाने तिला आपलेसे केले आणि गिरणी कामगारापासून सिनेतारकांपर्यंत सगळे एकाच आकाराच्या गाडीत बसू लागले. १९६५ मध्ये दहा लाखावी मिनी तयार झाली. १९६९ मध्ये खालीवर होणाऱ्या काचा आल्या, बिजागऱ्या आत गेल्या. त्याच वर्षी इसिगोनिस यांना ‘सर’ ही पदवी मिळाली.

२२/
काळाने कोणती कल्पना ठेवली आणि कोणती टाकली, तेही पाहण्याजोगे आहे. इंजिनाच्या तेलातला गियरबॉक्स बहुतेकांनी नाकारला. इटलीत दान्ते जाकोसा यांनी १९६४ च्या ‘प्रिमुला’मध्ये गियरबॉक्स इंजिनाच्या टोकाला जोडला आणि तीच पद्धत रूढ झाली. पण आडवे इंजिन व पुढची चाके ही मूळ कल्पना जगाने उचलली. १९८३ साली आपल्याकडे आलेल्या मारुती ८०० चे बॉनेट उघडले की हीच मांडणी दिसे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातली पहिली मोटार तीच होती.

२३/
आपण ज्या गोष्टींवर प्रेम करतो, त्यांच्या चुका झाकायची आपल्याला खोड असते. किल्ला असो, ग्रंथ असो, राजा असो की मोटार. चुका सांगितल्या की श्रद्धेला धक्का लागतो असे वाटते. मिनीच्या मालकांना तसे वाटले नाही. त्यांनी ओला गालिचा वाळवला, डिस्ट्रिब्युटरला मोजा चढवला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर काढली. ती कुठे गळते हे त्यांना ठाऊक होते, म्हणूनच ती त्यांची होती.

२४/
४ ऑक्टोबर २००० रोजी लाँगब्रिजच्या कारखान्यातून जुन्या घडणीची शेवटची मिनी बाहेर पडली. ४१ वर्षांत सुमारे ५३ लाख ८७ हजार गाड्या झाल्या. तोपर्यंत काचा, बिजागऱ्या, दांडा, आसने, सारे बदलले होते. एक गोष्ट मात्र तशीच राहिली. १९५० च्या दशकात कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला म्हणून जे इंजिन घाईघाईने फिरवले होते, त्याचे तोंड शेवटच्या गाडीतही त्याच बाजूला होते.