हुकुमचंद मिल: कायद्यातली रांग आणि ३२ वर्षं

बडा गणपतीची २५ फुटी मूर्ती पाहून पाहुणे थक्क होतात. इंदूरकराला मात्र गणेशोत्सव म्हटलं की अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या मिलच्या झांक्या आठवतात. हुकुमचंद मिलने ही प्रथा पाडली आणि मिल बंद पडल्यावरही कामगारांनी वर्गणी काढून ती चालू ठेवली. मात्र याच कामगारांचे हक्काचे पैसे ३२ वर्षं अडकून होते. ते का, हे पाहण्यासारखं आहे.

डिसेंबर १९९१ मध्ये मिल बंद झाली आणि ५,८९५ कामगार घरी बसले. कायदा त्यांच्या बाजूनेच होता. कारखाना बंद झाला तर नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा, असं १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा तेव्हा सांगत होता. ग्रॅच्युइटी वेगळी. पूर्वी कंपनी बुडाली की तारण घेतलेल्या बँका आधी, कामगार मागे. १९८५ च्या दुरुस्तीने कामगारांना बँकांच्या बरोबरीला आणून बसवलं.

म्हणजे रांगेत जागा पुढची मिळाली, पण खिडकी काही उघडेना! मिलजवळ विकण्यासारखं उरलं होतं ते म्हणजे जमीन, सुमारे ४२ एकर. ती महापालिकेची की राज्य सरकारची, यावरच वर्षानुवर्षं वाद चालला. २००७ मध्ये उच्च न्यायालयात कामगारांचं येणं २२९ कोटी ठरलं. सरासरी काढली तर माणशी साधारण ३ लाख ८८ हजार. त्यातले सुमारे ५० कोटी २०१७ च्या सुमारास मिळाले. बाकीची रक्कम व्याज धरून २२४ कोटी झाली, आणि जमीन सरकारने घ्यायची असं ठरल्यावर २५ डिसेंबर २०२३ रोजी तिचा धनादेश निघाला. तोवर कित्येक घरांत पैसे घ्यायला वारसच उरले होते.

नेदरलँड्समध्ये हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलाय. मालक दिवाळखोर झाला की यूडब्ल्यूव्ही ही सरकारी संस्था मागचा १३ आठवड्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि नोटिशीच्या काळातला पगार स्वतः देते. नंतर वसुलीच्या रांगेत ती उभी राहते, कामगार नाही. रक्कम मर्यादित, पण चूल विझत नाही.

आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने बरोबरीची जागा ठेवली, पण अवसायन सुरू होण्याआधीच्या २४ महिन्यांच्या थकबाकीपुरतीच. हुकुमचंदचं अवसायन मिल बंद पडल्यावर दहा वर्षांनी, २००१ मध्ये सुरू झालं. हा नियम तेव्हा असता तर १९९१ ची थकबाकी वरच्या रांगेत बसवणं फार अवघड गेलं असतं.

म्हणून एक सांगणं. घरात आजोबांची मिलची पगारचिठ्ठी किंवा हजेरीकार्ड असेल तर रद्दीत घालू नका. वारसांना हक्क सिद्ध करायला असेच कागद लागतात, आणि आपल्या शहराचा इतिहास लिहायलाही.