जास्तीत जास्त लोकांचं भलं, पण कुणाच्या जिवावर?

जमीन संपादनाची नोटीस आली की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "चार घरं उठतील, पण तालुक्याचं भलं होईल ना!" बातमीदारी करताना हे इतक्यांदा ऐकलंय, की आज त्याचं मूळ सांगतो.

हा हिशेब मांडला जेरेमी बेंथम (1748–1832) या इंग्रज विचारवंताने. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख ज्यात, ते योग्य. यालाच उपयुक्ततावाद म्हणतात. त्या काळी ही मोठी गोष्ट होती, कारण उमराव असो की मजूर, मोजताना दोघांचं सुख सारखंच. बेंथमचा वारसा चालवणारा जॉन स्टुअर्ट मिल आपल्या आगरकरांनी मनापासून वाचला. रूढीने माणसाचं भलं होतं का, हा त्यांचा प्रश्न त्याच मुशीतला.

पण या हिशेबाची दुसरी बाजू दिसली ती आपल्या डोक्यावर, घाटमाथ्यावर. टाटांचं खोपोलीचं वीजघर 1915 मध्ये सुरू झालं. पुढे मुळशीला धरण ठरलं. मुंबईला वीज, गिरण्यांना बळ, कोळशाची बचत, म्हणून सरकार कंपनीच्या पाठीशी. बुडणार होती मावळ्यांची पन्नासेक गावं. एप्रिल 1921 मध्ये, रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते इथेच.

मोबदल्याचं काय? बऱ्याच जमिनी कागदावर सावकारांच्या, कसणारा मावळा. सावकाराला रोकड चालत होती. मावळ्याला भाताचं खाचर हवं होतं. शेवटी धरण झालंच. मुळशीचं पाणी आजही आपल्या जिल्ह्यात भिऱ्याला उतरतं.

बेरीज चुकली होती का? मला वाटतं, प्रत्येक मावळा नीट मोजला असता तरी मुंबईचाच आकडा मोठा भरला असता. टीकाकारांचं बोट नेमकं इथेच आहे. गांधीजी म्हणत, या तत्त्वाने 51 टक्क्यांसाठी 49 टक्क्यांचा बळी देता येतो. म्हणून त्यांनी सर्वोदय, म्हणजे सर्वांचं भलं, धरलं. तोच विचार आपल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी पुढे नेला. अमेरिकेच्या जॉन रॉल्सने 1971 मध्ये लिहिलं की उपयुक्ततावाद माणसामाणसातलं वेगळेपण विसरतो. साध्या भाषेत, एकाचं नुकसान दुसऱ्याच्या फायद्याने भरून निघत नाही.

आता आपलं बघा. खोपोलीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी पाताळगंगेत येतं, आणि त्याच नदीकाठी रसायनी उभी राहिली. 1960 मध्ये स्थापन झालेल्या एचओसीने कितीतरी घरांच्या चुली पेटवल्या, हे नाकारून चालणार नाही. पण 2017 मध्ये केंद्राने इथला कारखाना बंद करायचं ठरवलं आणि जमिनीचा काही भाग बीपीसीएलकडे गेला. म्हणजे ज्या भल्यासाठी शेती गेली ते भलं संपलं, शेती काही परत आली नाही.

2013 च्या कायद्यात खासगी प्रकल्पासाठी 80 टक्के बाधितांची संमती लागते, सामाजिक परिणामांचा अभ्यासही लागतो. तेव्हा पुढच्या वेळी कुणी "चार घरं" म्हणालं, तर एवढंच विचारा: त्या चार घरांना विचारलं का?